उंबर : देवाचे झाड, औषधाचे झाड

सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात कृष्णाकाठी औदुंबर हे दत्तक्षेत्र आहे. समोरच्या तीरावर भिलवडी. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघेपर्यंत हा मुलूख साताऱ्यातच मोडत असे. सांगली हे जिल्ह्याचे नाव १९६० चे. पंधराव्या शतकात श्रीनृसिंहसरस्वतींनी येथे चातुर्मास केला. तेथील नित्य वस्तीचे झाड उंबर, म्हणून क्षेत्राला नावही झाडाचेच मिळाले.

‘गुरुचरित्रा’च्या एकोणिसाव्या अध्यायात या झाडाचे माहात्म्य आहे. हिरण्यकशिपूचे पोट फाडल्यावर नरसिंहाच्या नखांची विषाने आग होऊ लागली. लक्ष्मीने उंबराची फळे आणली, त्यांत नखे रोवताच दाह शमला. कथा भाविकांनी भक्तीने ऐकावीच. पण दाहावर उंबर, हे जुन्या लोकांचे ज्ञानही तीत जपले गेले आहे.

वैद्य ज्याला पंचवल्कल म्हणतात त्यात वड, उंबर, पिंपळ, पायर व पारस पिंपळ यांच्या साली येतात. यांतील पहिली चार झाडे एकाच कुळातील. जावळी तालुक्यात म्हसवे येथील प्रसिद्ध वडाची १८८२ साली मोजणी झाली, तेव्हा त्याचा घेर १,५८७ फूट भरला होता. या सालींच्या काढ्याने जखमा धूत व चुळा भरत. साल चघळली की तोंड आवळते, तो गुण टॅनिनचा. चामडे कमावण्यास हिरडा लागतो तोही याच टॅनिनसाठी. त्याने जखमेचा पृष्ठभाग आवळला जातो व स्राव कमी होतो.

गालगुंडावर उंबराचा चीक लावण्याची चाल घरोघर होती. मुंबईतील डायमॉक व त्यांचे सहकारी यांनी १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध केलेल्या वनौषधींच्या ग्रंथात तिची नोंद आहे. रात्री मूळ छेदून खाली मडके ठेवायचे आणि सकाळी जमलेले पाणी उष्णतेवर द्यायचे, हेही जुन्या माणसांना ठाऊक आहे.

पुढे रसायनशास्त्रज्ञांनी उंबरातून लुपिऑल, बीटा-सिटोस्टेरॉल अशी द्रव्ये वेगळी केली. २००४ साली रेसमोसिक अॅसिड या नव्या द्रव्याची माहिती प्रसिद्ध झाली. सूज वाढविणाऱ्या विकरांना ते प्रयोगशाळेत अटकाव करते असे दिसले. मात्र नळीतला प्रयोग निराळा आणि माणसाचे शरीर निराळे. साखरेच्या रोग्याने गोळ्या सोडून सालीच्या काढ्यावर विसंबणे हा जिवाशी खेळ होय.

आता देवळाविषयी. पाखरे उंबर खातात आणि बी शिखरावर पडते. चुन्याच्या भेगेत रोप धरते, मूळ दगडात शिरते आणि दहा-वीस वर्षांत चिरे सरकतात. उंबर तोडणे पाप, या धाकाने कोणी हात लावीत नाही. जीर्णोद्धाराचा किती खर्च या एका भिडेपायी वाढतो, हे देणगीदारांनी गवंड्यालाच विचारावे! रोप बोटाएवढे असतानाच पावसाळ्यात मुळासकट अलगद काढावे आणि देवळापासून वीस-पंचवीस हात दूर मोकळ्या जमिनीत लावावे. त्याला पार बांधताना बुंध्याला सिमेंट भिडवू नये. भोवती दोन हात माती उघडी ठेवावी, म्हणजे पाणी मुळाशी जाईल.