चपलेआधीचं कातडं

कोल्हापुरी चपलेचा इतिहास सांगणारे बहुतेक जण वेणीपासून सुरुवात करतात. मग अंगठा, पट्टा, कान, गोंडा, आणि कापशी चपलेची खासियत. मला हा इतिहास अर्धाच वाटतो. माझा आज्जा चपला बांधत नव्हता, कातडं कमवायचा. चपला बांधणारे त्याच्याकडून माल न्यायचे. बांधणाऱ्याचं नाव निदान दुकानाच्या पाटीवर तरी यायचं. कमावणाऱ्याचं कुठंच नाही. पुढं मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून आज्ज्याच्या हौदात काय चालायचं ते आज सांगू शकतो.

म्हशीचं ओलं कातडं म्हणजे मुख्यतः पाणी आणि कोलॅजेन नावाचं प्रथिन. ते आधी चुन्याच्या हौदात पडायचं. चुन्याच्या निवळीचा सामू साडेबाराच्या आसपास असतो. एवढ्या अल्कलीत कोलॅजेनच्या साखळ्यांवर सारखाच विद्युतभार चढतो, त्या एकमेकींना दूर लोटतात, मधल्या जागेत पाणी शिरतं आणि कातडं टम्म फुगतं. केसांची मुळं सुटतात. आज्जा केसांवर अंगठा घासून बघायचा. केस सहज निसटले की कातडं बाहेर. चुन्यात ते जास्त राहिलं तर तंतू सैल पडतात आणि चामडं पुढं पोकळ निघतं.

मग भरपूर धुणं. नंतर कातडं काठाकाठानं शिवून त्याची पिशवी करायची, लाकडी घोडीला टांगायची, आत कुटलेली बाभळीची साल आणि हिरडा घालून पाणी भरायचं. पाणी कातड्यातून झिरपून खालच्या भांड्यात गळायचं. तेच परत वर ओतायचं. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे गळ्याकडचा भागही सारखा मुरतो. सुरुवात मात्र जुन्या, वापरलेल्या, आंबूस पाण्यानं व्हायची. ताजी कडक साल शेवटी. आज्जा म्हणायचा, "आधी पातळ, मग घट्ट. घाई केलीस तर वरनं पिकतंय, आत कच्चंच राहतंय."

यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. सालीतलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य कोलॅजेनला जिथं भेटेल तिथं घट्ट धरतं. पहिल्याच दिवशी कडक पाणी दिलं तर वरचा थर बंद होतो आणि आत टॅनिनला वाट उरत नाही. आंबूस पाण्यातलं आम्ल उरलासुरला चुना मारतं, फुगलेलं कातडं उतरतं. काम झालं का, हे कडेचा एक तुकडा कापून कळायचं. काप आरपार तपकिरी हवा. मध्ये फिकट रेघ दिसली, तर पिशवी पुन्हा टांगायची. कच्चं ओलं कातडं साठ-पासष्ट अंश तापमानाला आक्रसतं. सालीत मुरलेलं सत्तरच्या पुढंही तग धरतं.

कोलॅजेनची रचना मद्रासला उलगडली. १९५४-५५ मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी दाखवलं की त्याच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात, चपलेच्या तीन पदरी वेणीसारख्या. त्यासाठी कांगारूच्या शेपटीतली कंडरा वापरली होती, आणि ती मिळाली त्यांच्या शेजारच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून. चामड्याच्या संस्थेनं या शोधाला हात दिला, याचा मला फार अभिमान वाटतो.

पुढं प्रयोगशाळांतून कोलॅजेनच्या आपोआप जुळण्याच्या गुणाचा उपयोग झाला. थंड आम्लात विरघळलेलं कोलॅजेन उदासीन करून अंगाइतकं कोमट ठेवा, त्याचे तंतू आपोआप जुळतात आणि जेल बसतं. तेच उकळून केलेलं जिलेटिन उलट वागतं, गार झाल्यावर बसतं. आता शास्त्रज्ञ अवघ्या काही अमिनो आम्लांची पेप्टाइडं घडवतात. सामू, उष्णता, मीठ, प्रकाश किंवा एखादं विकर यांच्या इशाऱ्यावर ती जुळतात, सुटतात. जखम भरण्यासाठी, औषध हळूहळू सोडण्यासाठी अशा जेलांवर काम चालू आहे. त्या शास्त्राचा इतिहास लिहिताना प्रथिनाला चुन्यानं फुगवून, आंबूस पाण्यानं उतरवून, सालीनं बांधणाऱ्या ढोर समाजाचं एक पान त्यात असलं पाहिजे. अस्पृश्य ठरवून या माणसांना गावानं वेशीबाहेर ठेवलं आणि त्यांनीच कमावलेलं पायताण घालून गाव मिरवलं, हेही त्याच पानावर यायला हवं.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या फॅशन कंपनीनं तशाच चपला दाखवल्या, तेव्हा कारागिरांच्या हक्काची चर्चा झाली. ती बहुतेक बांधणाऱ्यांपुरतीच राहिली. कमावणाऱ्याचं बघा, सालीत कमवायला आठवडे लागतात. क्रोमियमच्या क्षारांनी कमवायला एक-दोन दिवस पुरतात. दुकानदार कुठलं निवडतो हे शेवटी गिऱ्हाईक काय विचारतं यावर ठरतं.

म्हणून पुढच्या वेळी चप्पल घ्याल तेव्हा नुसती वेणी बघू नका. कातडं कशात कमावलंय आणि कुणी, हे विचारा.