दंडाचा घेर आणि दंडातले बळ

वेरूळच्या कैलास लेण्यात, मुख्य मंदिराच्या दक्षिणेच्या अंगाला, रावण कैलास पर्वत हलवीत असल्याचे शिल्प आहे. वर शंकर स्वस्थ बसले आहेत, पार्वती घाबरून त्यांना बिलगली आहे, एक दासी पळत सुटली आहे. आणि खाली, पर्वताच्या पोकळीत, अनेक हातांचा रावण सारा डोंगर उचलू पाहतो आहे. शाळेच्या सहली घेऊन मी येथे वारंवार जातो. अलीकडे मुले एक प्रश्न हटकून विचारतात: ‘सर, एवढा बलवान रावण, मग याच्या पोटावर सिक्स पॅक का नाहीत?’

प्रश्न पोरकट वाटला तरी पोरकट नाही. हजार-बाराशे वर्षांची झीज जमेस धरली, तरी आमच्या शिल्पकाराने स्नायू सुटे करून मांडण्याची हौस कधी केलीच नाही. ग्रीकांनी केली. त्यांच्या संगमरवरी वीरांच्या छातीचे आणि पोटाचे स्नायू शरीरशास्त्राच्या तक्त्यासारखे मोजून घ्यावेत. वेरूळच्या रावणाचे बळ त्याच्या दंडाच्या गोळ्यात नाही. ते कमरेच्या पिळात, पायाच्या रोवणीत आणि साऱ्या हातांच्या एकवटलेल्या रोखात आहे. त्याचे अंग गुळगुळीत आहे, आणि तरीही पर्वत हलतो आहे याविषयी पाहणाराला शंका राहत नाही.

या वेरूळच्या लेण्यांवर १९२९ साली इंग्रजीत एक मार्गदर्शक पुस्तक निघाले. लेखक होते औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. चित्रकार, कीर्तनकार, अजिंठ्याच्या चित्रांचे वेडे, असा हा राजा. त्यांच्या संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या कैदखान्यावरून पुढे शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण दंडाचा घेर मोठा की दंडातले बळ मोठे, हा आजच्या प्रत्येक व्यायामशाळेतला वाद या राजाने स्वतःच्या शरीरावर लढून पाहिला होता. त्याची हकीकत फारशी कोणी सांगत नाही.

त्यासाठी आधी सँडोची ओळख करून घेतली पाहिजे. युजेन सँडो हा १८६७ साली प्रशियात जन्मलेला पहिलवान. १८८९ मध्ये लंडनच्या रंगमंचावर दुसऱ्या एका नामांकित बलवंताला हरवून तो रातोरात प्रसिद्ध झाला. साखळ्या तोडणे, माणसांसकट वजने उचलणे हे त्याचे खेळ होतेच. परंतु लोक पैसे मोजून येऊ लागले ते त्याचे नुसते उभे राहणे पाहायला, हे या चतुर माणसाने फार लवकर हेरले. वस्तुसंग्रहालयांतल्या ग्रीक पुतळ्यांशी तो आपली मापे ताडून पाही. हातात मोजपट्टी घेऊन व्यायाम करण्याची रीत जगभर पसरली तिचे पुष्कळसे श्रेय, किंवा अपश्रेय, त्याचेच. १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची भव्य स्पर्धा भरवली. त्याच्या जोडीला परीक्षक कोण होते? एक शेरलॉक होम्सचे जनक डॉ. कॉनन डॉईल, आणि दुसरे चार्ल्स लॉज नावाचे शिल्पकार! माणसाच्या शरीराचा निवाडा करायला मूर्तिकार बोलावला, यातच सारे आले. शरीर हे काम करण्याचे साधन होते, ते आता पाहण्याची वस्तू झाले.

मात्र सँडोला नुसता फुगीर म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. तो खरोखर बलवान होता. पण जनतेला त्याने विकले ते हलके डंबेल्स, पुस्तके आणि टपालाने पाठवायचे धडे. स्वतःचे बळ त्याने जड वजनांवर कमावले आणि विक्री हलक्या डंबेल्सची केली, हा व्यापार तेव्हापासून आजतागायत फारसा बदललेला नाही.

१९०४-०५ च्या सुमारास सँडोने हिंदुस्थानचा दौरा केला, तेव्हा इकडे त्याचे नाव आधीच गाजत होते. भवानराव तर त्याच्याही आधीचे शिष्य. १८९७ साली, तिशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी सँडोची सगळी उपकरणे आणि पुस्तके मागवली आणि पुढची सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. दहा वर्षे म्हणजे काही चार दिवसांची हौस नव्हे. आणि मग १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या संस्थानिकांचे पाहून, त्यांनी ती उपकरणे बाजूला ठेवली व सूर्यनमस्कार धरले. ते अखेरपर्यंत.

का बरे? राजेसाहेबांचा हिशेब साधा होता. डंबेल्सने एकेक स्नायू वेगळा घोटला जातो. नमस्कारात मान, खांदे, पाठ, कंबर, पोट, मांड्या आणि श्वास एकाच लयीत कामाला लागतात. उपकरण नको, पैसा नको, मैदान नको; दोन हात जागा पुरे. बायकांना जमेल, पोरांना जमेल, म्हाताऱ्याला जमेल. आपल्या संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. १९२८ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादिलेले त्यांचे ‘द टेन पॉइंट वे टु हेल्थ’ थेट लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. सँडोच्या गावात नमस्कार पोचले! भवानराव १९५१ मध्ये ८२ व्या वर्षी वारले. सँडो १९२५ मध्ये ५८ व्या वर्षीच गेला होता. एवढ्यावरून निष्कर्ष काढणे मात्र आमच्या सातवीतल्या मुलालाही शोभणार नाही.

एकट्या राजेसाहेबांची ही दृष्टी नव्हती. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आमच्या मराठवाड्याच्या वेशीलगतचेच. त्यात मल्लांच्या तयारीचे प्रकार दिले आहेत: भारश्रम म्हणजे वजन उचलणे, भ्रमणश्रम म्हणजे चालणे, सलिलश्रम म्हणजे पाण्यातली मेहनत, बाहुपेल्लणक म्हणजे हातांची झटापट, आणि स्तंभश्रम म्हणजे खांबावरची कसरत. वजन आहे, पण ते पाचांपैकी एक आहे. बाकीच्या चारांत शरीराला कुठेतरी जायचे आहे, कशाशी तरी झुंजायचे आहे.

हा स्तंभश्रम पुढे मागे पडला आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुन्हा उजेडात आला तो मल्लखांब म्हणून. त्याची कथा आम्हां मराठवाड्यातल्या माणसांना ऐकताना जरा चुळबुळ करायला लावते; कारण तीत हरणारा पक्ष आमच्या बाजूचा आहे. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन धिप्पाड पहिलवान पुण्यात आले आणि त्यांनी भर दरबारात आव्हान दिले. कोणी पुढे होईना. तेव्हा बाळंभट देवधर नावाचा कोवळ्या वयाचा, अंगाने सडसडीत ब्राह्मण तरुण उठला आणि त्याने मुदत मागून घेतली. सप्तशृंगीला जाऊन त्याने उपासना केली, आणि तेथे झाडावरच्या माकडांच्या चपळाईवरून त्याला लाकडी खांबावर पेच घोटण्याची युक्ती सुचली, असे परंपरा सांगते. अली चीत झाला आणि गुलाबने लढण्याचेच नाकारले. कथेतला दैवी भाग ज्याला हवा त्याने घ्यावा. शिक्षकाला त्यात गणित दिसते.

गणित असे. स्नायूची ताकद साधारणपणे त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, तर शरीराचे वजन घनफळावर. एखादा माणूस सर्व बाजूंनी दहा टक्क्यांनी मोठा झाला, तर त्याची ताकद सुमारे २१ टक्क्यांनी वाढेल; वजन मात्र ३३ टक्क्यांनी. म्हणजे समोरच्याला ढकलायचे असेल तर मोठा माणूस सरस. पण स्वतःलाच उचलायचे, वळवायचे, निसटवायचे असेल तर लहान चणीचा वरचढ. मल्लखांबावर देहाचा प्रत्येक जादा शेर तुमच्याच हाताला तोलावा लागतो. तिथे दंडाचा घेर ही मिरवण्याची वस्तू नाही, ते कर्ज आहे.

याचा जगाने मान्य केलेला पुरावा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी दिला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोंच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्रवासाच्या पैशांसाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते. ५७ किलो! आजच्या व्यायामशाळेच्या आरशापुढे हे वजन सांगायला कॉलेजचा मुलगा लाजेल.

तर मग राजेसाहेब बरोबर आणि सँडो चूक, असे म्हणून मोकळे व्हावे काय? मला तसे वाटत नाही. नमस्कारात एक उणीव आहे आणि ती राजेसाहेबांच्या उत्साहात झाकली गेली. शरीर ज्या ओझ्याला सरावते, त्या ओझ्याने ते पुढे वाढत नाही. दहा नमस्कारांचे शंभर केले तर दम वाढतो, लवचिकपणा टिकतो. परंतु उचलायचे वजन तेच, आपल्या देहाचे. जुन्या तालमीतल्या वस्तादांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून जोर-बैठकांच्या शेजारी दगडी नाल असे, करेल असे, जड जोडी असे, आणि ती पेलली की पुढची अधिक जड. शिवाय तांबड्या मातीत लढत असे, म्हणजे कमावलेले बळ दुसऱ्या जिवंत, विरोध करणाऱ्या शरीरावर त्याच संध्याकाळी पारखले जाई. पुष्टी करायची आणि लगेच ती कामाला लावायची, अशी ही व्यवस्था होती. तालमीच्या भिंतीवर मारुतीची तसबीर असे, आरसा सहसा नसे.

आजचे शास्त्रही याच्या फारसे बाहेर जात नाही. नव्याने वजन उचलू लागलेल्या माणसाची ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते, पण दंड तेवढा वाढत नाही. कारण आधी शिकतात ते मज्जातंतू, स्नायू मागाहून भरतात. जड वजन थोड्या वेळा उचलले की बळ अधिक वाढते. पुष्टी मात्र मध्यम, किंबहुना हलक्या वजनानेही होते, फक्त हात थकेपर्यंत उचलले पाहिजे. आणि जे काम घोटावे त्याच कामाचे बळ मुख्यतः येते. यंत्रावर बसून पाय लांब करणाऱ्याला यंत्र छान जमते; पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढणे ही विद्या वेगळी.

पोत्यावरून आठवले. आमच्या मोंढ्यात हमाल पाहावेत. कित्येकांचे दंड पाहून कोणी दुसऱ्यांदा वळणार नाही, आणि तरी पोते उचलताना त्यांची कंबर, मांड्या, मान एका क्षणात अशी जुळते की वेरूळच्या शिल्पकाराने थांबून पाहावे. परंतु या बळाचाही भाबडा गौरव मला करवत नाही. एकच हालचाल वर्षानुवर्षे, विश्रांतीविना, अपुऱ्या खाण्यावर केली की पाठ आणि गुडघे चाळिशीतच बोलू लागतात. कामाचे बळ म्हणजे आरोग्य नव्हे.

इकडे शहरात गल्लोगल्ली व्यायामशाळा झाल्या आहेत. मुले घाम गाळतात हे मला मनापासून आवडते. मोबाईलपेक्षा डंबेल बरा. पण छाती आणि दंड यांवरच सारा जीव, पायांचा दिवस नेमका चुकवायचा, मग डब्यातली पावडर, आणि काहींच्या बाबतीत तर सुई! बाहेरून घेतलेली ती संप्रेरके हृदयावर, यकृतावर आणि तरुणपणाच्या आशांवर काय परिणाम करतात ते डॉक्टरांना विचारावे. फुगलेला हात दोरावर स्वतःला चार हात वर ओढू शकत नाही, हे दृश्य मी शाळेच्या मैदानावर पाहतो.

आणि तरीसुद्धा पुष्टीची बाजू घ्यावी लागते, ती तरुणांसाठी नव्हे, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. पन्नाशीनंतर दर वर्षी साधारण एक टक्का स्नायू झिजतो, आणि ताकद त्याहूनही वेगाने उतरते. ज्याची शिल्लक मोठी त्याला ही झीज सोसते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सर्व प्रौढांना, वृद्धांनाही, आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला. साठीच्या बाईने पाण्याने भरलेल्या दोन बादल्या सावकाश उचलून ठेवणे हाही त्याचाच प्रकार, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ब्राझीलचे डॉ. क्लाउदियो आराउजो आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५१ ते ८० वयाच्या दोन हजारांवर माणसांना त्यांनी एवढेच सांगितले: जमिनीवर बसा आणि उठा. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात किंवा गुडघा टेकला की दर टेकणीला एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. ज्यांचे गुण कमी, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. या परीक्षेला ना मोजपट्टी लागते, ना आरसा. बळ, पुष्टी, तोल आणि लवचिकपणा चारही एकदम तपासले जातात. आमच्याकडे ती परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या पंगतीत होतच असे. आता जेवणाची टेबले आली आहेत. पण पाडव्याच्या आणि भाऊबिजेच्या ओवाळणीला पाट अजून मांडला जातो. यंदा ओवाळून झाल्यावर कोण हात न टेकता उठतो, ते घरच्या मुलांना मोजू द्यावे. मामांनी आधी धोतर किंवा पँट जरा सैल करून घ्यावी.