वर्गणीतले स्वातंत्र्य

काही वर्षांपूर्वी संगमेश्वर तालुक्यातल्या एका घरी पत्र्याच्या जुन्या ट्रंकेत मला एक हस्तपत्रक मिळाले. घडीवर फाटलेले, वर्ष छापलेला कोपरा गेलेला. परळच्या एका नाट्यगृहात ‘शक्ती विरुद्ध तुरा’ असा जाखडीचा सामना, दोन शाहिरांची नावे, तिकिटांचे तीन दर आणि तळाला एक ओळ : उत्पन्न गावच्या विहिरीच्या कामासाठी. ट्रंक ज्यांची होती त्यांनी उभी हयात गिरणीत काढलेली. त्यांचा नातू पुण्यात शिकतो. तो सुटीला घरी आला होता. पत्रक उलटसुलट करून पाहत तो मला म्हणाला, “काका, हे तर इंडीच झालं.”

मी तेव्हा नुसती मान डोलावली. पुण्यात २०१० साली एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडच्या तरुणांच्या तोंडी बराच रुळला, एवढे मला माहीत होते. पण इंडी म्हणजे विशिष्ट गिटार, विशिष्ट दाढी आणि जुन्या बाजारातला शर्ट, अशीच माझी समजूत होती. जाखडी त्यात कुठे बसते? या प्रश्नामागे लागून जे हाती आले, ते इथे मांडतो आहे.

शब्दाचा मूळ अर्थ

इंडी हे ‘इंडिपेंडंट’चे लाडके रूप. त्याची पाळेमुळे ब्रिटनमधल्या ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यात आहेत. तिथे मोजक्या बड्या कंपन्यांच्या हाती मुद्रण, छपाई आणि वितरण असे. जानेवारी १९७७मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स नावाच्या चमूने मित्र आणि घरच्यांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. पहिल्या खेपेला १००० प्रती. त्या संपल्या, पुन्हा काढल्या, आणि विक्री हजारांच्या घरात गेली. कंपनीच्या दारात उभे न राहता तबकडी निघू शकते, हा धडा त्यातून इतरांनी घेतला.

पुढे जानेवारी १९८०पासून तिथे अशा तबकड्यांच्या खपाची वेगळी यादी प्रसिद्ध होऊ लागली. तिचा निकष मोठा सरळ होता. गाणे कसे आहे हे कोणी विचारत नसे. वितरण बड्या कंपन्यांच्या बाहेरून झाले आहे का, एवढेच पाहिले जाई. त्यामुळे १९८०च्या दशकाच्या अखेरीस कायली मिनोगची चकचकीत नाचगाणीही त्या यादीत वर गेली, कारण तिची कंपनी छोटी आणि स्वतंत्र होती. इंडीचे चाहते त्यावर चिडले. तोवर त्यांच्या मनात इंडी म्हणजे एक ठरावीक सूर आणि ठरावीक पेहराव झाला होता. हा पेहरावही मुळात ऐपतीतून आलेला. हातात पैसा नाही म्हणून वापरलेले कपडे घ्यायचे. पुढे तेच कपडे नवे शिवून दुकानात महाग मिळू लागले.

म्हणजे या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक व्यवहाराचा, दुसरा दिसण्याचा. दुसरा बाजारात जास्त चालला. माझे म्हणणे एवढेच, की इतिहास पाहायचा तर पहिला अर्थ धरावा आणि तीन प्रश्न विचारावेत : पैसा कोणाचा? निर्णय कोणाचा? आणि शेवटी मालकी कोणाची?

मराठी वाचकाला ही वृत्ती परकी नाही. १९५५च्या सुमारास ‘शब्द’ हे अंक सायक्लोस्टाइल करून निघत होते आणि साठच्या दशकात लघुअनियतकालिकांची चळवळ पसरली. बझकॉक्सच्या तबकडीच्या आदल्याच वर्षी, १९७६मध्ये, मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ काढून आपली पुस्तके आपणच छापली. कोलटकरांचे ‘जेजुरी’ त्यातलेच. १९७७ साली त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. या मंडळींची नोंद इतिहासाने घेतली, कारण ती लिहिणारी आणि छापणारी होती. त्याच मुंबईत, परळ-लालबागच्या चाळींत जे चालले होते, ते मात्र छापील कागदावर फारसे आले नाही.

गावाची खोली

आताचा सिंधुदुर्ग १९८१पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता. या जुन्या जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरवली. शेती तुकड्यातुकड्यांची, पीक एक, आणि पावसानंतर हाताला काम नाही. बाईमाणसे व म्हातारी गावी, कमावता गडी मुंबईत. एकट्याला भाडे परवडत नसे, म्हणून गावाच्या नावाने एक खोली घेतली जाई. पाळीप्रमाणे झोपायचे, भिंतीला ट्रंका लावायच्या आणि महिन्याला वर्गणी द्यायची. या खोल्यांतून ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ उभी राहिली आणि त्यांच्याच आधाराने जाखडीची नाचमंडळे.

जाखडी गणपतीतली. वादक आणि गायक मध्ये बसतात, भोवती पायात चाळ बांधलेले नाचे फेर धरतात. ढोलकी, झांज, मागे झेलणारा कोरस. त्याला कलगी-तुऱ्याच्या जुन्या वादाची जोड मिळाली. शक्तीवाले आदिमायेला थोर मानतात, तुरेवाले शिवाला. गण, गवळण झाली की एक शाहीर पुराणातला सवाल टाकतो आणि दुसऱ्याने त्याचा जवाब पदातच द्यायचा. त्यासाठी पोथ्या वाचाव्या लागतात. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री खोलीत दिव्याखाली पोथी घेऊन बसे आणि वहीत पद उतरवी.

आता ते तीन प्रश्न लावून पाहू. पैसा कोणाचा? वर्गणीचा आणि तिकिटांचा. तिकिटे घेणारेही बहुतेक आपापल्या गावांचे, वाडीचे, नात्यातले. निर्णय कोणाचा? पद शाहिराचे, बाकी सगळे मंडळाच्या बैठकीत. पेहरावसुद्धा तिथेच ठरे. एकाच ठाणातून कापड घ्यायचे, ओळखीच्या शिंप्याकडून सगळ्यांना शिवून घ्यायचे. माझ्या लहानपणी, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, सॅटिनचे झगझगीत सदरे आणि त्यावर जरीची पट्टी ही मोठी चैन वाटे. गावातली पोरे मुंबईकरांची बेलबॉटम बघत आणि पुढच्या गणपतीला तसाच काट आपल्या शिंप्याकडून काढून घेत. वरून कोणी सांगितलेली ही फॅशन नव्हती. ऐपत आणि हौस यांच्या मधोमध ती तयार होई.

एक फरक मात्र इथेच नोंदवला पाहिजे. इंडी हे नाव त्या तरुणांनी अभिमानाने मिरवले. जाखडीला शहरात ‘बाल्या डान्स’ म्हणत. मुंबईत घरगड्याची कामे करणाऱ्या कोकणी कुणब्यांच्या कानात बाळी असे, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. म्हणजे हे नाव मालकांनी नोकरांना दिलेले. आजही अनेक कलावंत ‘जाखडी’ किंवा ‘शक्ती-तुरा’च म्हणा असा आग्रह धरतात, तो याच कारणाने.

कॅसेट आणि तिसरा प्रश्न

तबकडीच्या काळात मराठी लोकगायकाला एचएमव्हीखेरीज फारशी दारे नव्हती. कॅसेटने ती भिंत पाडली. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकाने १९९३च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात दाखवले आहे, की ऐंशीच्या दशकात छोट्या उत्पादकांनी भारतीय बाजार कसा व्यापला आणि प्रादेशिक गाण्यांना त्यातून कशी वाट मिळाली. रत्नागिरीत या बदलाला आणखी एक हातभार लागला. आमच्या जिल्ह्यातली, विशेषतः मुसलमान मोहल्ल्यांतली, माणसे आखातात नोकरीला होती. त्यांनी आणलेले टू-इन-वन गावोगाव पोचले. सामन्याच्या रात्री कर्ण्यासमोर असा टेपरेकॉर्डर ठेवून केलेली मुद्रणे मी स्वतः ऐकली आहेत. त्यात शिट्ट्या आहेत, पोराचे रडणे आहे आणि जवाब बरोबर बसल्यावर उठलेला एकच हलकल्लोळ आहे.

पण मालकीचा प्रश्न इथेच अवघड होतो. पुढे छोट्या कंपन्यांनी जाखडीची गाणी मुद्रित केली तेव्हा एका शाहिरांना ठोक रक्कम मिळाली आणि एका कागदावर सही घेतली गेली. त्या कागदाची प्रत त्यांच्याकडे नाही. किती कॅसेट खपल्या हे त्यांना कधी कळले नाही. मला हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रारही नव्हती. गाणे गावाचे, आपण फक्त बांधले, असे ते म्हणाले. या उदार भावनेचा फायदा मात्र तिसऱ्याच माणसाला झाला.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. बहुतेकांना ती नोकरी पुन्हा मिळाली नाही. लालबाग-परळच्या खोल्या ओस पडत गेल्या, माणसे गावी परतली किंवा नालासोपारा, विरार, दिव्याकडे सरकली. वर्गणीचा मूळ झरा आटला, तरी मंडळे टिकली. आज ती यूट्यूबवर आहेत आणि बाऱ्या हजारो लोक घरबसल्या पाहतात. तिथे नवीच गंमत होते. शाहिरांनी पूर्वीपासून लोकप्रिय सिनेगीतांच्या चाली मोकळेपणाने घेतल्या. आता यंत्र चाल ओळखते आणि चित्रफितीच्या जाहिरातीचे पैसे चालीच्या मालक कंपनीकडे जाऊ शकतात. शब्द शाहिराचे, नाच मंडळाचा, खर्च वर्गणीचा, पण हक्क दुसऱ्याचा.

या स्वातंत्र्याचे गोडवे गाताना त्याच्या मर्यादाही लपवू नयेत. बाजारापासून मुक्त असलेले मंडळ गावकीपासून मुक्त नव्हते. कोणी नाचायचे, कोणी मध्ये बसायचे, हे जात आणि भावकी ठरवी. बायकांना फेरात जागा नव्हती. गवळणीतली राधाही बहुधा पुरुषच. आता मुली सामन्याला उतरू लागल्या आहेत, काही जणी शाहिरी करतात. वर्गणीने जे स्वातंत्र्य पुरुषांना दिले ते त्यांना उशिरा मिळाले.

त्या नातवाला मी नंतर फोन केला. तुझे म्हणणे दोन तृतीयांश बरोबर होते, असे सांगितले. पैसा आणि निर्णय आपला होता. मालकी कागदावर कधी आलीच नाही. मग त्याला विचारले, आजोबांच्या वह्या कुठे आहेत? माळ्यावर, तो म्हणाला. पावसाळ्याआधी त्या खाली काढ, पानापानाचे फोटो घे, आणि प्रत्येक पदाखाली कोणी बांधले, कुठल्या सालच्या सामन्यात म्हटले, हे आजीला विचारून लिहून ठेव, एवढे मी त्याला सांगितले. तीन वह्यांचे काम झाले आहे. चौथीची मधली पाने वाळवीने खाल्ली आहेत; आजी त्यांतली पदे आठवून सांगते आणि तो लिहून घेतो.