शाळकरी पोरांचा संप

संप हा शब्द उच्चारला कीं गिरणी, गोदी किंवा आगगाडी डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु इ. स. १९११ च्या सप्टेंबर महिन्यांत ब्रिटनमध्यें जो एक संप झाला, त्यांतील संपवाले शाळकरी पोरगे होते.

वेल्समधील लानेली गांवीं त्याचा आरंभ झाला. तेथील बिगिन शाळेंत एका मुलानें संपाची चिठ्ठी वर्गांत फिरविली. मास्तरांनीं त्याला शिक्षा केली, आणि त्याचे सोबती शाळेबाहेर पडले. पाहतां पाहतां हें लोण लिव्हरपूल, मँचेस्टर, हल, लंडन, ग्लासगो अशा साठांहून अधिक गांवीं पोंचलें. मुलांनीं मिरवणुका काढल्या, कोठें कोठें शाळेच्या खिडक्याही फोडल्या. त्यांच्या मागण्या होत्या त्या अशा : छडी बंद करा, शाळेची वेळ कमी करा, घरचा अभ्यास नको, आणि वर्गावर देखरेख करणाऱ्या मुलांना पगार द्या.

ही शेवटची मागणी विचार करण्याजोगी आहे. शाळा म्हणजे कामाचें ठिकाण आणि मास्तर म्हणजे मुकादम, ही दृष्टि तींत उघड दिसते. ती मुलांना घरींच मिळाली होती. त्याच उन्हाळ्यांत खलाशी, गोदी-कामगार व रेल्वे-कामगार यांचे मोठे संप झाले होते. १९ ऑगस्ट रोजीं लानेली येथें सैनिकांच्या गोळीबारांत दोन माणसें ठार झालीं. त्यानंतर तीन आठवडे लोटण्यापूर्वींच त्या गांवचीं मुलें रस्त्यावर आलीं.

यामागें जुनें दुःखही होतें. इंग्लंड-वेल्समध्यें १८८० सालीं हजेरी सक्तीची झाली. मजुराच्या घरीं दहा वर्षांचा मुलगा हा मिळवता हात. कायद्यानें तो शाळेंत नेऊन बसविला. तेथें त्यानें लिहिण्यावाचण्याबरोबर मुकाट बसणें आणि मार सोसणें शिकावें, आणि शेवटीं बापाच्याच कामाला लागावें! लँकेशायरकडे तर बारा वर्षांचीं मुलें अर्धा दिवस गिरणींत राबून उरलेला अर्धा शाळेंत काढीत. दुय्यम शाळेची वाट फारच थोड्यांना मोकळी होती.

संप थोड्याच दिवसांत मोडला व म्होरक्यांच्या हातांवर छड्या बसल्या. अर्ध्या वेळेची ती पद्धति बंद करणारा कायदा १९१८ सालीं झाला. सरकारी शाळांतील छडी जाण्यास मात्र १९८७ साल उजाडावें लागलें.

मग या मुलांना विद्येचाच तिटकारा होता काय? या संपाचा इतिहास प्रथम जुळवून १९७३ सालीं पुस्तिकारूपानें प्रसिद्ध केला तो डेव्ह मार्सन यांनीं. ते हल येथील गोदी-कामगार. प्रौढपणीं ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजांत शिकावयास आले होते. कामगारांच्या वस्तीला विद्या नको होती असें नाहीं. ज्या रीतीनें ती पोरांच्या पदरीं घातली जात होती, त्या रीतीवर तो संप होता.