एथेल केनेडी : एका राजकीय घराण्याची माउली

सन १९७० च्या डिसेंबरांतील गोष्ट. कॅलिफोर्निया संस्थानांतील सॅलिनास गांवीं शेतमजुरांचे पुढारी सीझर चावेझ तुरुंगांत होते. मजुरांना न्याय्य करार मिळावा म्हणून त्यांनीं लेट्यूसच्या भाजीवर बहिष्कार पुकारला होता, व तो मागें घेण्याचा न्यायालयाचा हुकूम मोडला होता. त्यांच्या भेटीस दूरच्या व्हर्जिनियांतून एक विधवा बाई आली. मजूर तिच्या स्वागतास उभे होते, तर बागाइतदारांच्या पक्षाचा जमाव तिला परत जा म्हणून ओरडत होता. बाई शांतपणें आंत गेली.

हीच एथेल केनेडी. बहिष्कार, उपोषण, तुरुंगवास हीं साधनें आपल्या श्रोत्यांना नवीं नाहींत; चावेझ गांधीजींनाच मानीत. त्यांचें पंचवीस दिवसांचें उपोषण १० मार्च १९६८ रोजीं सुटलें, तेव्हां बाईंचे पति रॉबर्ट त्यांच्या शेजारीं बसले होते. पुढें तीन महिने होण्यापूर्वींच रॉबर्ट यांचा खून झाला.

एथेलबाईंचा जन्म ११ एप्रिल १९२८ रोजीं शिकागो येथें झाला. वडील कोळशाच्या व्यापारांत गबर झालेले; सात भावंडांत बाई सहाव्या. महाविद्यालयांत रॉबर्टची बहीण जीन ही त्यांची सोबतीण होती, आणि १९५० सालीं त्या केनेडी घराण्याच्या सूनबाई झाल्या. स्वभाव मोठा धीट. शेजारच्या एका उपाशी घोड्यास त्यांनीं सरळ आपल्या तबेल्यांत आणविलें, तेव्हां मालकानें फिर्याद लावली. १९६७ सालीं ज्यूरीनें कौल बाईंच्या बाजूनें दिला.

दुःखाची मोजदाद मात्र नकोशी वाटते. १९५५ सालीं आईबाप विमान-अपघातांत गेले, १९६३ सालीं दीर राष्ट्राध्यक्ष जॉन यांचा खून झाला, १९६६ सालीं भाऊही विमानांतच गेला. ५ जून १९६८ च्या मध्यरात्रीनंतर लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलांत रॉबर्टवर गोळ्या झाडल्या गेल्या. दुसरे दिवशीं त्यांनीं प्राण सोडला. बाईंच्या पदरीं दहा मुलें, अकरावें पोटांत. ती मुलगी डिसेंबरांत जन्मली. बाईंनीं पुनर्विवाह केला नाहीं. संगोपन सुरळीत झालें असें कोणी म्हणूं नये. डेव्हिड १९८४ सालीं मादक पदार्थांच्या पायीं दगावला, मायकेल १९९७ सालीं बर्फावरील खेळांत. पण कॅथलीन मेरीलँड संस्थानची उपगव्हर्नर झाली व जोसेफ कायदेमंडळांत गेला.

पतीच्या मृत्यूच्या सालींच त्यांच्या नांवानें स्मारकसंस्था निघाली. पुतळा उभारणें सोपें होतें. या संस्थेनें माणसांच्या हक्कांचें काम पत्करलें. १९८४ पासून ती देशोदेशींच्या झुंजार कार्यकर्त्यांस पारितोषिक देते. बालमजुरांची सोडवणूक करणारे आपले कैलास सत्यार्थी यांस तें १९९५ सालीं मिळालें, म्हणजे नोबेलच्या पुष्कळ आधीं.

२०१४ सालीं राष्ट्राध्यक्ष ओबामांनीं बाईंना स्वातंत्र्यपदक दिलें. एवढ्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहींत. २०१८ सालीं मेक्सिकोच्या सरहद्दीवर आश्रयार्थ्यांचीं मुलें आईबापांपासून तोडलीं जाऊं लागलीं, तेव्हां निषेधार्थ आरंभिलेल्या साखळी-उपोषणांत बाई सामील झाल्या. त्या वेळीं त्यांचें वय नव्वद होतें. १० ऑक्टोबर २०२४ रोजीं, वयाच्या ९६ व्या वर्षीं, त्या निवर्तल्या.