ब्लूज, सोल, रॉक आणि आपली भीमगीते: गाणे उरते, मग नाव का पुसले जाते?

14 एप्रिलच्या मिरवणुकीत कर्जत, नेरळ, खोपोली कुठेही उभे राहा. डीजेवर भीमगीताचे धृपद येते, पहिले कडवे येते, पोरे नाचायला लागतात आणि दोन मिनिटांत दुसरे गाणे सुरू होते. पहिल्या गाण्याचे शेवटचे कडवे वाजतच नाही. नेमके त्याच कडव्यात कवीचे नाव असते.

कर्जत-खालापूरच्या वस्त्यांत तरुणांबरोबर बसल्यावर आम्ही अनेकदा विचारतो, "हे गाणे लिहिले कोणी?" उत्तरात गायकाचे नाव येते, नाहीतर "यूट्यूबवर आहे" असे सांगितले जाते. याच मुलांच्या मोबाइलमध्ये इंग्रजी रॅप आणि रॉकही असते. ते संगीतही आपल्यासारख्याच दडपलेल्या माणसांनी घडवले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून ते संगीत कुठून आले, ते घडवणाऱ्यांच्या नावांचे काय झाले आणि त्यातून आपण काय शिकायचे, याची ही एकत्र माहिती.

ब्लूज: शेतातून आलेले गाणे

अमेरिकेत 1865 साली गुलामगिरी कायद्याने संपली. जमीन मात्र गोऱ्या मालकांकडेच राहिली. दक्षिणेकडील राज्यांत काळी कुटुंबे त्याच कापसाच्या शेतात वाट्याने राबू लागली आणि कर्जात अडकली. शेतातल्या हाका, रेल्वेचे रूळ बसवताना म्हटली जाणारी कामाची गाणी आणि चर्चमधील प्रार्थना यांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लूज तयार झाले.

त्याचा साचा सोपा आहे. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. बारा मात्रागटांचे एक आवर्तन होते, म्हणून त्याला 'ट्वेल्व्ह बार' म्हणतात. गिटार विकत घेणे परवडत नसे, तेव्हा कित्येक मुले फळीवर किंवा घराच्या भिंतीवर एकच तार ताणून, तिच्यावर बाटली सरकवत सूर काढायला शिकली. या वाद्याला 'डिडली बो' म्हणतात. आपल्याकडची एकतारी आणि तुणतुणे आठवा. गरिबाच्या संगीताला एक तार पुरते, हे दोन्हीकडे सारखेच.

1903 च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी हा काळा संगीतकार मिसिसिपीतल्या टटवायलर नावाच्या लहान स्टेशनवर गाडीची वाट पाहत होता. तिथे एक फाटक्या कपड्यांतला माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून गात होता. हँडीने पुढे ब्लूज लिहून छापले आणि जगाने त्याला 'ब्लूजचा जनक' म्हटले. स्टेशनवर गाणाऱ्या त्या माणसाचे नाव कोणीच टिपले नाही. ब्लूजचा लिखित इतिहास जवळपास इथूनच, एका निनावी माणसापासून सुरू होतो.

1920 मध्ये मेमी स्मिथ हिची 'क्रेझी ब्लूज' ही तबकडी निघाली आणि प्रचंड खपली. काळी माणसेही तबकड्या विकत घेतात हे कंपन्यांच्या लक्षात आले. त्यांनी काळ्या गायकांच्या तबकड्यांचा वेगळा गट केला आणि त्याला 'रेस रेकॉर्ड्स' म्हटले. पाणवठा वेगळा असावा तशी तबकड्यांची यादीही वेगळी होती. 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने हे नाव 1949 साली बदलून 'रिदम अँड ब्लूज' केले.

त्या काळातली सर्वांत मोठी गायिका बेसी स्मिथ. 1937 मध्ये मोटार अपघातात तिचा मृत्यू झाला. अंत्ययात्रेला हजारो लोक आले, पण तिच्या कबरीवर नावाचा दगड बसायला 1970 उजाडले. तो बसवण्यासाठी रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन आणि जुआनिता ग्रीन या दोघींनी पैसे दिले. ग्रीन यांनी लहानपणी बेसीच्या घरी काम केले होते. गाणी जगभर वाजत होती आणि गाणारी तेहतीस वर्षे निनावी मातीत होती.

सोल: प्रार्थनेचा सूर रस्त्यावर

चर्चमधील काळ्यांच्या गाण्याला गॉस्पेल म्हणतात. 1950 च्या दशकात रे चार्ल्स, सॅम कुक यांनी तोच सूर देवाकडून माणसाकडे वळवला. त्यातून सोल आले. काळ आंदोलनाचा होता. 1955-56 मध्ये मॉन्टगोमेरीत काळ्या नागरिकांनी वर्षभराहून अधिक काळ बसवर बहिष्कार टाकला होता. सॅम कुकचे 'अ चेंज इज गोना कम' हे गाणे 1964 सालचे. दक्षिणेतील एका मोटेलने त्याला आणि त्याच्या सोबत्यांना जागा नाकारली होती, तो अपमान या गाण्यामागे आहे.

'रिस्पेक्ट' हे गाणे ओटिस रेडिंगने लिहिले आणि 1965 मध्ये स्वतः गायले. 1967 मध्ये अरीथा फ्रँकलिनने ते आपल्या पद्धतीने गायले आणि ते काळ्यांच्या व स्त्रियांच्या सन्मानाचे गाणे झाले. इथे कायद्याची एक बाजू समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणे वाजले की मानधन गीतकार-संगीतकार आणि प्रकाशकाला जाते, गाणाऱ्याला नाही. म्हणजे अरीथाचा आवाज जितका वाजला, तितके पैसे रेडिंगच्या नावावर जमा झाले. लिहिणाऱ्याचे नाव कागदावर असले की काय होते आणि नसले की काय बुडते, हे यावरून कळावे.

आपल्या शाळांत म्हटले जाणारे 'हम होंगे कामयाब' हे याच आंदोलनातून आले आहे. त्याचे मूळ काळ्यांच्या चर्चगीतांत आहे आणि 1945-46 मध्ये चार्ल्सटन येथील तंबाखू कारखान्यातील कामगार स्त्रियांनी ते संपात गायले. परिपाठात ते म्हणणाऱ्या मुलाला हे सांगितले जात नाही.

रॉक: घर कोणाचे, पाटी कोणाची

1940 च्या दशकात मिसिसिपीतील लाखो काळी माणसे रेल्वेने उत्तरेकडील शहरांत कामाला गेली. कोकणातून आणि घाटावरून आपली माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत गेली, तसेच हे. मडी वॉटर्स 1943 मध्ये शिकागोला गेला. शहराच्या गोंगाटात ऐकू यावे म्हणून त्याने गिटार विजेवर घेतली. त्याच आवाजातून पुढे रॉक उभे राहिले. 'रोलिंग स्टोन्स' या इंग्लिश बँडचे नावच मुळी मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलेले आहे.

सिस्टर रोझेटा थार्प ही काळी बाई 1930-40 च्या दशकांत विजेची गिटार वाजवत गॉस्पेल गात होती. चक बेरी, एल्व्हिस प्रेस्ली यांच्या आधीची ही गिटार. अमेरिकेतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'च्या 1986 च्या पहिल्या यादीत बेरी आणि एल्व्हिस दोघेही होते. थार्पचे नाव यायला 2018 उजाडले. 1973 मध्ये ती वारली, तेव्हापासून तीन दशकांहून अधिक काळ तिच्याही कबरीवर दगड नव्हता.

'हाउंड डॉग' हे गाणे 1952 मध्ये बिग मामा थॉर्नटन हिने प्रथम रेकॉर्ड केले. लिहिणारे लीबर आणि स्टोलर हे दोन गोरे तरुण होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण ठसका आणि गाण्याचे वळण थॉर्नटनचे होते. 1956 मध्ये एल्व्हिसने ते गायले, त्याच्या लाखो प्रती खपल्या. थॉर्नटनच्या हाती फारच थोडे आले.

एका माणसाने मात्र पाठपुरावा केला. विली डिक्सनने मडी वॉटर्ससाठी लिहिलेल्या गाण्यातील शब्द 'लेड झेपेलिन' या रॉक बँडने 1969 मध्ये वापरले, नाव न देता. डिक्सनने 1985 मध्ये दावा लावला. 1987 मध्ये तडजोड झाली आणि पुढे गाण्यावर त्याचे नाव लागले. इतर जुन्या कलावंतांना त्यांचे हक्काचे पैसे मिळावेत म्हणून त्याने 'ब्लूज हेवन फाउंडेशन' ही संस्थाही काढली.

आपला जलसा, आपली गायन पार्टी

बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. काळ्यांची हार्लेम वस्ती विद्यापीठाला लागूनच आहे. 1946 मध्ये त्यांनी काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तरही आले. 1972 मध्ये दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. विचारांचे हे नाते आपल्याला माहीत आहे. गाण्यांचे नाते तेवढे बोलले जात नाही.

आपले गाणे सत्यशोधक जलशातून आले. तमाशाचा साचा तोच ठेवून आत नवा विचार भरायचा, ही जलशाची रीत. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी 1930 च्या दशकात आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. वाचता न येणाऱ्या माणसाला सत्याग्रहाचा अर्थ या जलशांनी समजावला. त्या परंपरेतला सर्वांत मोठा कवी म्हणजे वामनदादा कर्डक. जन्म 15 ऑगस्ट 1922, सिन्नर तालुक्यातील देशवंडी, निधन 15 मे 2004. मुंबईत आल्यावर मोठेपणी अक्षरे शिकलेल्या या माणसाने हजारो गीते लिहिली.

प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीते आणि कव्वाल्या गायल्या, आणि आषाढीला महाराष्ट्रभर वाजणारी विठ्ठलाची गाणीही गायली. त्यांचा वारसा आनंद शिंदे, मिलिंद शिंदे यांनी कॅसेटच्या काळात घराघरात पोचवला. विठ्ठल उमप 2010 मध्ये नागपूरला कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले आणि गेले. रमाबाई नगरच्या 1997 च्या गोळीबारानंतर चार दिवसांत विलास घोगरे यांनी जीवन संपवले. 'जय भीम कॉम्रेड' हा आनंद पटवर्धन यांचा माहितीपट तिथून सुरू होतो. आज कडूबाई खरात एकतारीवर गातात आणि कबीर शाक्य यांच्या 'धम्म विंग्ज' या बँडने बुद्ध-भीमाचा विचार गिटार आणि ड्रमवर आणला आहे.

ब्लूज आणि भीमगीत एकच आहेत असे आमचे म्हणणे नाही. वंश आणि जात यांची रचना वेगळी आहे. ब्लूजमध्ये एकट्या माणसाचे दुःख बोलते. भीमगीतात समाज बोलतो आणि दुःखावरचा उपायही सांगतो. दुसरा फरक महत्त्वाचा आहे. आपल्या कवीने नावाची सोय गाण्याच्या आतच केली. शेवटच्या कडव्यात तो आपले नाव गुंफतो, जसे वामनदादांच्या गीतांत 'वामन' येते. याला नाममुद्रा म्हणतात. छापखाना, कंपनी, करारपत्र हाती नसलेल्या माणसाने गाण्यालाच आपला सातबारा केले. टटवायलरच्या त्या गायकाकडे हे नव्हते. आपल्याकडे आहे, आणि आपणच ते कापतो आहोत.

कायदा काय सांगतो

भारतीय कॉपीराइट कायदा 1957 चा. गीतावरचा हक्क कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरचा हक्क 2064 अखेरपर्यंत आहे. हा हक्क मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कलम 57 नुसार, कवीने हक्क विकले तरी 'हे माझे आहे' असे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला मानधनाचा वाटा कोणाही कंपनीला कायमचा लिहून देता येत नाही. हा वाटा गोळा करून देणारी आयपीआरएस ही संस्था 1969 पासून आहे.

आपण काय करू शकतो

1. जयंतीच्या आधी डीजेवाल्याला सांगा: गाणी कमी वाजवा, पण पूर्ण वाजवा.
2. सूत्रसंचालकाने प्रत्येक गीताआधी कवी, संगीतकार आणि गायक ही तिन्ही नावे घ्यावीत.
3. गावात जुनी गायन पार्टी किंवा बेंजो पार्टी असेल, तर त्या बुजुर्गांना विहारात बोलवा. वह्यांचे फोटो काढा, गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करा. गाण्याचे, गाव-वस्तीचे आणि कवीचे नाव लिहून ठेवा. त्यांच्या परवानगीशिवाय काही टाकू नका.
4. व्हिडिओ टाकताना खाली कवीचे नाव लिहा. नक्की माहीत नसेल तर 'कवी: शोध सुरू' असे लिहा. ज्याच्या-त्याच्या नावावर ढकलू नका.
5. तुमच्या ओळखीत एखादे कवी किंवा त्यांचे वारस असतील, तर त्यांना आयपीआरएसचे सभासदत्व घ्यायला मदत करा.

कर्जतजवळच्या कोंडाणे लेणीला आपण जातो, स्वच्छता करतो, वंदना घेतो. पुढच्या वेळी चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळचे झिजलेले मोठे शिल्प नीट पाहा. त्याच्या बाजूला ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे. कण्हाचा शिष्य बालक याने हे केले, असा त्याचा अर्थ. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने आपले आणि आपल्या गुरूचे नाव दगडात कोरले. शिल्प झिजले, पण नाव अजून वाचता येते.

आपल्या शाहिरांनी तेच गाण्यात केले आहे. या जयंतीला शेवटचे कडवे वाजू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!