अमरत्वाच्या गोळीतले भय

चिनी वेब-कादंबऱ्यांतला साधक एके काळी डोंगरावर बसून श्वास साधायचा आणि पायरी-पायरीने अमर व्हायचा. 'दाओग्वेई यीश्येन' या आजच्या कादंबरीतला गुरू दान यांगत्झ मात्र माणसांनाच औषधी समजून भरडतो. त्याचा शिष्य ली हुओवांग याला तर आपण गुरूच्या गुहेत आहोत की मनोरुग्णालयात, हेच उमगत नाही. अशा लेखनावर एक ठरलेला अभिप्राय ऐकू येतो: हा अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्टकडचा उसना माल आहे. दाओ पंथ म्हणजे लाओत्झूचे पाणी आणि च्वांगत्झूचे फुलपाखरू. त्याला पाश्चात्त्य भयकथेने बाटवले.

आक्षेपाचा निम्मा भाग खरा आहे. पाहताच बुद्धी ढळावी अशा अगम्य देवता लव्हक्राफ्टच्याच घरच्या. पण रक्तामांसाचे भय चीनमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

चौथ्या शतकात दाओपंथी किमयागार गे होंगने 'बाओपूत्झू' हा ग्रंथ लिहिला. सोने कुजत नाही, हिंगूळ तापवला की पारा होतो आणि पाऱ्याचा पुन्हा हिंगूळ करता येतो. मग असे द्रव्य पोटात गेलेला देह का कुजावा, असा त्याचा तर्क. हा तर्क लोकांनी खरोखर गिळला. तांग सम्राट वूझोंग (मृ. 846) आणि श्वानझोंग (मृ. 859) यांचे मृत्यू अशाच औषधांच्या खाती मांडले जातात. तांगकालीन लेखक हान यूने 823 मध्ये नात्यातल्या एका पारा-बळीचा मृत्युलेख लिहिला आणि त्यात ओळखीच्या अशाच इतर मृतांची यादीच दिली. त्यांतल्या एकाला डोक्यापासून खालपर्यंत तापलेली लोखंडी कांब घातल्यासारखे वाटत असे. कादंबरीकाराने यात भर ती काय घालायची?

शिवाय देहात भाडेकरू आहेत. 'तीन शव' नावाचे जीव माणसाच्या आत राहतात, दर साठ दिवसांनी एका ठरलेल्या रात्री वर जाऊन त्याच्या पापांची चहाडी करतात. यजमान लवकर मेला तर त्यांची सुटका होते, म्हणून त्यांना तो मरायलाच हवा असतो. साधक धान्य सोडतो ते त्यांना उपाशी मारण्यासाठी.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, ही सगळी बाह्य किमया. पुढे अंतःकिमयेने ती मागे टाकली. टाकली कुठे? भट्टी पोटात नेली, एवढेच. पुरुषाच्या उदरात गर्भ वाढतो, पूर्ण झाला की टाळूवाटे बाहेर पडतो. स्त्रीच्या साधनेत मासिक स्राव थांबवण्याला 'लाल ड्रॅगनचा शिरच्छेद' म्हणतात. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात जागी झालेली कुंडलिनी देहातले मांस खाऊन टाकते ते वर्णन वाचलेल्या मराठी वाचकाला तरी यात परके काही वाटू नये. आणि बाह्य किमया तरी संपली कुठे? सोळाव्या शतकात मिंग सम्राट ज्याजिंगसाठी कुमारिकांच्या रजापासून औषध बनवले जाई; 1542 मध्ये राजवाड्यातल्या दासींनी झोपेत त्याचा गळा आवळायचा प्रयत्न केला. दान यांगत्झचा पूर्वज शोधायला अमेरिकेत जायची गरज नाही.

माझ्या मते सर्वांत भयंकर गोष्ट मात्र यातली कोणतीच नव्हे. गे होंगने अमरांच्या तीन श्रेणी सांगितल्या. सर्वांत खालच्या श्रेणीचा साधक आधी मरतो आणि मग प्रेत कात टाकल्यासारखे टाकून जातो. म्हणजे विषबाधा आणि सिद्धी बाहेरून एकसारख्याच दिसणार. माओशान पर्वतावर थाओ होंगजिंगचा तरुण शिष्य चौ त्झल्यांग याला दिव्य पुरुष दिसत. स्वर्गात त्याच्यासाठी पद राखून ठेवले आहे असे ते सांगत. 516 मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, त्याने विष घेतले. थाओने त्याच्या दर्शनांच्या नोंदी जमवून, टिपा घालून सम्राटापुढे ठेवल्या. आत्महत्या की बढती, हा निवाडा गुरूने केला, तोही लेखी.

आजच्या कादंबरीने केलेला खरा बदल इथे आहे. परंपरेत देहाची ती चिरफाड वाटेतला टप्पा होती, आणि पलीकडे कोणीतरी पोचले आहे याची हमी द्यायला गुरू होता. ली हुओवांगला अशी हमी देणारा कोणी नाही. गुरूच त्याला भरडायला बसलेला. परंपरेशी फारकत म्हणायचीच तर ही म्हणा, आणि त्यासाठी लव्हक्राफ्ट लागत नाही. उलट गुणतक्त्यासारख्या पायऱ्या चढत शेवटी ग्रह फोडणारा नायक शुद्ध दाओ म्हणून खपतो, त्याच्यावर मात्र हे टीकाकार अवाक्षर काढत नाहीत.